जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंमधून परिसराचा इतिहास कसा शिकवावा : पुणे परिसरातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

इंग्लंडमधील शेतात मेटल डिटेक्टर फिरवणारी आणि मातीतून रोमन नाणे काढून कॅमेऱ्यासमोर धरणारी माणसे आता पुण्यातल्या घराघरांतील मोबाइलवर दिसतात. ती पाहून आपणही एखादे यंत्र मागवावे आणि सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा मुठेच्या काठी एक चक्कर मारावी, असे अनेकांना वाटू लागते. या उत्सुकतेत वावगे काही नाही. मात्र त्या चित्रफितींमागे तिथली व्यवस्था उभी असते : १९९६ चा खजिनाविषयक कायदा, आणि सर्वसामान्य माणसांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी, १९९७ पासून चालू असलेली योजना, जिच्यात आजवर दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडचे कायदे निराळे आहेत, आपली जमीनही निराळी आहे. त्यामुळे तिथले पाहून इथे तसेच करू जाणारा माणूस अडचणीत येण्याचीच शक्यता अधिक असते.

पुण्यात या कामाची सुरुवात यंत्राने करूच नये, असे माझे मत आहे. नांगरटीत वर आलेली नाणी, विहीर खोदताना निघालेली भांडी, पेठांमधला वाडा पाडताना भिंतीतून बाहेर पडलेल्या कड्या-कोयंडे आणि कुलपे, देवघरातल्या डब्यात पिढ्यान्पिढ्या पडून असलेले पैसे, एवढे साहित्य आधीच लोकांच्या हाती आहे, आणि त्यातल्या बहुतेक वस्तूंची साधी नोंदही झालेली नाही. पहिले वर्ष याच वस्तूंवर घालवावे. यंत्र घ्यायचेच असेल तर ते त्यानंतर घ्यावे.

कायदा काय सांगतो

सर्वांत जुना आणि सर्वांत महत्त्वाचा कायदा म्हणजे १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू या कायद्याने निधी ठरते. शेतातली घागर त्यात येतेच, शिवाय वाड्याच्या भिंतीतून निघालेली नाण्यांची पुरचुंडीही येते. तिचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल, तर ज्याला ती सापडली त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे : काय सापडले, अंदाजे किती किमतीचे, कोठे आणि कोणत्या तारखेला. ती वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्याबद्दल जामीन द्यावा लागतो. मूळ मालक पुढे आला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार झालेला नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. शासनाला ती वस्तू हवी असल्यास त्यातील धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश इतकी रक्कम देऊन ती घेता येते. कळवले नाही तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. प्रामाणिक माणसाला हा कायदा फारसा वाईट वागवत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते, आणि भीतीपोटी वस्तू लपवली जाते.

डिसेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली भागातून सोन्याची २१६ जुनी नाणी हस्तगत केली. बांधकामाच्या जागी सापडलेली ती नाणी कोणालाही न कळवता घरात ठेवलेली होती. वेळेवर एक अर्ज गेला असता, तर ती नाणी नेमकी कशात, किती खोलीवर आणि कोणत्या थरात होती हेही कदाचित आज आपल्याला नीट ठाऊक असते.

दुसरा कायदा १९५८ चा, प्राचीन स्मारकांविषयीचा. संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही आणि या कायद्याखालील गुन्ह्यांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शनिवारवाडा, पाताळेश्वर, कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी ही केंद्राची संरक्षित स्थळे होत. राज्याच्या संरक्षित यादीसाठी १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तर २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत. कोणत्याही किल्ल्यावर, लेण्यात, जुन्या देवळाच्या आवारात किंवा त्यांच्या पायथ्याच्या वस्तीत यंत्र घेऊन जाऊच नये. संरक्षित यादीत नाव आहे की नाही हे पाहत बसण्यापेक्षा हा नियम सरसकट पाळणे सोपे आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. त्यामुळे परदेशातील एखाद्या जाणकाराकडे ओळख पटवण्यासाठी नाणे पाठवणे हाही गुन्हा ठरतो. त्याला छायाचित्र पाठवावे.

गावात जाण्यापूर्वी

खासगी शेतात काही पाहायचे असेल तर शेतकऱ्याची लेखी परवानगी घ्यावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. सरपंचांना आणि पोलीस पाटलांना आधी भेटावे, काय करणार आहोत ते सांगावे, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या पुण्यातील कार्यालयाला एक पत्र देऊन त्याची पोच जवळ ठेवावी. याचे कारण निव्वळ औपचारिक नाही. आपल्याकडे जमिनीकडे बघत फिरणारा अनोळखी माणूस दिसला की गावात पहिला शब्द उच्चारला जातो तो गुप्तधनाचा. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला ही परंपरा मावळात घरोघर सांगितली जाते, आणि गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणारे भोंदूही अधूनमधून पकडले जातात. जादूटोणाविरोधी २०१३ च्या कायद्यात अशा प्रकारांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे रात्री जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, आणि शेतातले दादा किंवा मावशी जे विचारतील त्याचे उत्तर पूर्ण द्यावे. शेताच्या बांधावर बसून झालेल्या या गप्पांतूनच पुढे सर्वाधिक माहिती मिळते : जुनी वाट कोठून जात होती, बाजार कोठे भरत असे, कोणत्या वावराला काय नाव आहे.

यंत्र आणि आपली माती

यंत्राची कॉइल, म्हणजे जमिनीलगत फिरवायची तारेची चकती, जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते. धातूच्या वस्तूत त्यामुळे सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपते. अडचण अशी की आपला सह्याद्री बेसाल्ट खडकाचा आहे, त्या खडकात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, आणि त्यापासून बनलेला मुरूम आणि काळी माती यंत्राला सतत खोटे इशारे देतात. परदेशी चित्रफितीत शांत असणारे यंत्र मुळशीच्या शेतात अखंड कुरकुरते. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा इशारा वगळण्याची सोय, हाताने लावता येईल असेच यंत्र घ्यावे, ते नव्या जागी गेल्यावर पुन्हा लावावे आणि संवेदनशीलता कमी ठेवावी. एवढे करूनही नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते, आणि तेवढे पुरेसेही आहे, कारण नांगराने उलथलेल्या थराच्या खाली हात घालायचाच नाही.

हे का, ते शिरूर तालुक्यातील इनामगावच्या उदाहरणावरून समजते. डेक्कन कॉलेजने घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकरी वस्तीचे तीन टप्पे एकाच जागी, थरावर थर असे वेगळे करून दाखवले. तीन टप्पे कळले ते थर अबाधित होते म्हणून. तिथे कोणी आधी येऊन यंत्राच्या इशाऱ्यावर खड्डे घेतले असते, तर तांब्याचे एखादे कडे हाती लागले असते आणि सुमारे नऊशे वर्षांचा क्रम पुसला गेला असता.

एक इशारा वेगळ्या कारणासाठी द्यावा लागतो. पुण्याभोवती छावण्या, गोळीबार मैदाने आणि दारूगोळ्याचे कारखाने दीर्घकाळ आहेत. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा आहे. गंजलेला, लांबट किंवा गोल, जड लोखंडी गोळा दिसला तर त्याला हात लावू नये, जागा सोडावी आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

सापडल्यावर पहिला तास

वस्तू उचलण्यापूर्वी ती आहे तशी छायाचित्रात घ्यावी, शेजारी पट्टी किंवा चालू काळातील एक रुपयाचे नाणे ठेवावे. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत, खोली सेंटिमीटरमध्ये मोजावी, मातीचा रंग लिहावा, आणि भोवती खापरे, विटा, राख, हाडे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे आहेत का ते पाहावे. एकाहून अधिक नाणी, भांडे, किंवा रचलेले दगड दिसले तर तेथेच थांबावे, माती पुन्हा लोटावी आणि तलाठी, तहसीलदार आणि पुरातत्त्व कार्यालय यांना कळवावे. सापडल्याचे ठिकाण हरवलेले नाणे म्हणजे पत्ता आणि तारीख फाडून टाकलेले पत्र : मजकूर वाचता येतो, पण कोणी कोणाला लिहिले ते कळत नाही.

ठिकाण लिहिताना पुण्यापुरत्या दोन गोष्टी विसरू नयेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधील घरांचे सामान वाहून गेले. त्यामुळे नदीपात्रात किंवा काठच्या गाळात मिळालेली वस्तू मूळची तिथलीच, असे म्हणता येत नाही. दुसरे म्हणजे भरावाची माती. हडपसर किंवा वाकडच्या नव्या सोसायटीच्या बागेत शिवराई, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे नाणे, मिळाली, तर आधी बिल्डरने भराव कोठून आणला ते विचारावे. शहराच्या मध्यभागी पाडलेल्या वाड्याचा राडारोडा ट्रकने कोठेही जातो आणि त्याच्यासोबत इतिहासही चुकीच्या पत्त्यावर जाऊन पडतो.

धुऊ नये, घासू नये

मराठी घरात तांब्या-पितळेची वस्तू दिसली की हात आपोआप चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरीकडे जातो. हे टाळले नाही तर बाकी सारे व्यर्थ आहे. तांब्याच्या नाण्यावरचा गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हा त्याचे संरक्षण करणारा थर असतो आणि पुष्कळदा अक्षरे त्या थरातच उरलेली असतात. आम्लाने तो गेला की अक्षरेही जातात. कोरड्या, मऊ ब्रशने सुटी माती काढावी, एवढेच. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी पडत असेल तर तो क्षारांमुळे चालू राहणारा क्षय आहे. असे नाणे वेगळे, कोरडे ठेवून तज्ज्ञाला दाखवावे. लोखंडाला सिलिका जेलसह (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांसह) हवाबंद डबा हवा. सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आहेत, आणि शिसे लाकडी पेटीत किंवा साध्या पुठ्ठ्यात ठेवले की त्यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी पांढरे पडून भुगा होऊ लागते. आजोबांची शिसवी पेटी कितीही देखणी असली तरी ती या कामाची नाही.

ओळख पटवणे

वजन सराफी काट्यावर, व्यास आणि जाडी कॅलिपरने, दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिरप्या उजेडात : एवढी तयारी झाल्यावर मगच नाव देण्याच्या मागे लागावे. पुणे परिसरात सर्वाधिक भेटणारे जुने नाणे म्हणजे तांब्याची शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ती हाती आली की ‘महाराजांच्या काळातले नाणे’ असे तत्काळ जाहीर केले जाते, आणि बहुतेक वेळा ते खरे नसते. शिवाजी महाराजांनी सुरू केलेली ही धाटणी पुढे पेशवाईत अनेक टांकसाळींतून पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातही दख्खनच्या बाजारात बराच काळ चालली. अक्षरवळण, बिंदूंची वर्तुळे, दोन आडव्या रेषांची दुदांडी शिवराई, असे भेद पाहून काळाचा अंदाज बांधावा लागतो.

यामुळे ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो खरा, पण खरा धडा इथेच सुरू होतो. सत्ता पेशव्यांच्या हाती असताना पैशावर नाव छत्रपतींचे का राहिले? त्याच काळात पुण्यात चालणाऱ्या चांदीच्या अंकुशी रुपयावर अंकुशाचे चिन्ह आहे, पण मजकूर फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे, हे कसे? खिशातली दोन नाणी एकमेकांशेजारी ठेवली की अठराव्या शतकातील अधिसत्तेचा आणि बाजाराच्या विश्वासाचा प्रश्न शाळकरी मुलांनाही दिसतो. पुढे कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा येतो आणि सगळीकडे एकसारखे, यंत्राने पाडलेले नाणे म्हणजे काय ते स्पष्ट होते.

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून घेतलेली वस्तू ‘सापडलेली’ म्हणून कधीही दाखवू नये. तिचे ठिकाण कोणालाच ठाऊक नसते, आणि ओतीव बनावट नाण्यांचा, विशेषतः शिवरायांच्या होनाच्या नकलांचा, सुळसुळाट आहे. खात्रीसाठी डेक्कन कॉलेजमधील अभ्यासक, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि शहरातील नाणेसंग्राहक यांच्याकडे छायाचित्रे आणि मोजमापे घेऊन जावे. मत मिळाले की त्यापुढे ‘निश्चित’ किंवा ‘संभाव्य’ असा शेरा लिहावा.

लोकांसमोर मांडणे

येथे एक गोष्ट मनाशी पक्की करावी : आपण वाटून घेणार आहोत ती नोंद. वस्तू कोषागारात किंवा संग्रहालयात गेली तरी छायाचित्रे, मोजमापे, ठिकाण आणि शेतकऱ्याने सांगितलेली हकिकत आपल्याकडे राहते, आणि शिकवण्यासाठी तीच लागते. प्रदर्शनात मूळ वस्तू ठेवण्याची गरज नसते. ए-तीन आकाराची छायाचित्रे आणि प्लॅस्टरचे, मूळ आकारापेक्षा मुद्दाम मोठे केलेले नमुने पुरतात. ते मुलांच्या हातात देता येतात आणि बनावट म्हणून बाजारातही जाऊ शकत नाहीत. नमुन्याचा साचा मूळ नाण्यावरून घेऊ नये, छायाचित्रावरून तयार करावा.

जाहीर मांडणीत ठिकाण गावापर्यंतच सांगावे. नेमके अक्षांश-रेखांश पुरातत्त्व कार्यालयाकडील प्रतीत राहू द्यावेत. मोबाइलच्या छायाचित्रात ठिकाणाची माहिती आपोआप जोडलेली असते, ती काढल्याशिवाय चित्र कोणत्याही गटावर टाकू नये, कारण दुसऱ्याच रात्री त्या शेतात फावडी घेऊन माणसे येतात. शेतकऱ्याचे नाव त्याच्या संमतीनेच द्यावे. किमतीचा विषय पूर्ण वर्ज्य करावा. ‘हे किती लाखांचे?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याला उत्तर देणारा वक्ता तिथून पुढे इतिहास शिकवू शकत नाही.

शाळेतील एका तासिकेसाठी ही रीत चांगली चालते. चौथीच्या मुलांनी शिवछत्रपतींचा इतिहास वाचलेला असतो, म्हणून सुरुवात तिथून करू नये, अन्यथा सगळी उत्तरे पाठ येतात. प्रत्येक गटाला एका वस्तूचे मोठे चित्र आणि नमुना द्यावा, नाव सांगू नये. कोणता धातू असेल, कोणती बाजू जास्त झिजली आहे, कडेला भोक कशासाठी पाडले असेल, हे मुलांनी लिहावे. झिजलेले नाणे पुष्कळ हातांतून गेलेले असते आणि भोक पाडलेले बहुधा गळ्यात घातलेले असते, एवढे मुले स्वतः काढतात. नाण्यांइतकाच बैलाच्या पत्रीचा, घोड्याच्या नालेचा किंवा घडीव खिळ्याचाही उपयोग करावा. कसब्याच्या तांबट आळीतील ठोक्याच्या भांड्याचा तुकडा दाखवला, तर त्या आळीतून रोज शाळेत येणारे एखादे मूल शिक्षकांपेक्षा अधिक सांगते. त्यानंतर फळ्यावर जुन्या पेठांचा आणि नदीचा नकाशा काढून प्रत्येक वस्तूचा ठिपका लावावा. कसबा आधीचा, वारांच्या नावांच्या पेठा पुष्कळशा नंतरच्या, हे कळल्यावर ठिपके कोठे दाट आहेत आणि का, हा प्रश्न मुलेच विचारतात. नेमकी नावे आणि वर्षे शेवटच्या दहा मिनिटांत सांगावीत.

मोठ्यांसाठी खडकीच्या लढाईचा विषय घेता येतो. ५ नोव्हेंबर १८१७ ला गणेशखिंड ते खडकी या भागात पेशवे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईची जागा आज विद्यापीठ, छावणी आणि रस्ते यांखाली आहे आणि तेथे कोणी यंत्र फिरवण्याचा प्रश्नच नाही. पण अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या रणभूमीवर पुरातत्त्वज्ञांनी १९८४ मध्ये मेटल डिटेक्टर वापरले, प्रत्येक गोळीची आणि काडतुसाची जागा नकाशावर टिपली, आणि त्यावरून सैनिक कोठून कोठे हलले ते दाखवले. यंत्राचा योग्य उपयोग कसा दिसतो, हे सांगायला याहून चांगले उदाहरण नाही. जुन्या नकाशावर खडकीच्या हालचाली रेखून हा कार्यक्रम वाचनालयात तासाभरात होतो.

जागतिक वारसा दिन १८ एप्रिलला, वारसा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबरला असतो. शाळा आणि वाचनालये त्या सुमारास सहज होकार देतात. गणेशोत्सवातील मंडळांकडे गर्दी आपोआप असते, पण तेथे देखावा भव्य करण्याच्या ओघात नोंदीतले ‘संभाव्य’ गळून पडते, म्हणून फलकाचा मजकूर स्वतः लिहून द्यावा आणि छापण्यापूर्वी पुन्हा वाचावा.

प्रत्येक कार्यक्रमात टेबलावर कोरी नोंदपत्रके ठेवावीत. कोणी आजी घरच्या डब्यातले नाणे घेऊन येतात, कोणी काका विहिरीची गोष्ट सांगतात. ते तेथेच लिहून घ्यावे, नाणे त्यांच्याकडेच राहू द्यावे, फक्त दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. वारसाने घरात आलेले नाणे आणि जमिनीतून निघालेले नाणे यांच्यासाठी पत्रकात वेगळा रकाना असावा, कारण जमिनीतून निघालेल्या नाण्याच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांना कळवले आहे का, हे विचारावे लागते, आणि कळवले नसल्यास अर्ज लिहायला तिथेच मदत करावी. वर्षाअखेरीस सर्व पत्रकांच्या तीन प्रती काढून एक शाळेला, एक गावच्या वाचनालयाला आणि एक पुरातत्त्व कार्यालयाला द्यावी. एखादी ओळख पुढे चुकीची ठरली, तर दुरुस्ती तिन्ही प्रतींवर तारखेसह करावी.